फोन काढून घेणे हा उपाय नव्हे

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला 'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन' हा विषय दिला होता. परंतु आम्ही पडलो बँकेतले कारकून. बी.ए. झालो, नोकरीला लागलो आणि वीस-बावीस वर्षे काऊंटरच्या अलीकडे बसून काढली. मार्गदर्शन करण्याचा आमचा अधिकार तो काय? म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्हांलाच जे मार्गदर्शन मिळाले, तेच आज आपल्यापुढे ठेवावे असे ठरवले आहे. ते करणारी व्यक्ती आमच्या निम्म्याहून कमी वयाची आहे. ती आमची पुतणी. डिझाइनच्या महाविद्यालयात शिकते.

डिझाइन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साडीचे काठ आणि लग्नपत्रिका येतात. आमच्याही आल्या होत्या. या मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ सालापासून हा विषय शिकवला जातो, हे आम्हांला पुतणीनेच सांगितले. "काका, तुमच्या बँकेची पैसे भरायची स्लिप आहे ना, ती भरताना माणूस कुठे अडतो, का अडतो, हे बघून ती सोपी करणे म्हणजे डिझाइन," असे ती म्हणाली. रोज दहा माणसांना ती स्लिप भरून देणाऱ्या आम्हांला हे लगेच पटले.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला दोन महिन्यांचा अभ्यास करायचा होता. विषय होता महिलांची ऑनलाइन सुरक्षितता. तिच्या शिक्षकांची अट अशी, की आधी माणसांशी बोलायचे आणि मगच कागदावर रेघ ओढायची. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्हांला गिरगावापासून परळपर्यंत सगळे ओळखतात. मला बायका दाखवा." कारकुनाच्या ओळखीचा असाही उपयोग होतो!

आम्ही तिला प्रथम लालबागच्या मसाला गल्लीत नेले. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा मसाला करून घेण्याचे दिवस. आपल्या मिरच्या डंकाखाली जाईपर्यंत बायका तेथे तासन्‌तास बसून असतात, आणि बसल्या जागी करण्यासारखे बोलण्याशिवाय दुसरे काही नसते. त्यानंतर दादरचा फुलबाजार झाला, परळच्या रुग्णालयांतील आया व परिचारिका झाल्या आणि गिरगावातील पोळी-भाजी केंद्रे चालवणाऱ्या भगिनी झाल्या. सुट्टीच्या दिवशी आम्हीही पिशवी घेऊन तिच्या मागे असायचो.

पहिला आठवडा फुकट गेला. ती छापील प्रश्नावली घेऊन बसली होती. "तुम्हांला ऑनलाइन त्रास झाला आहे का?" असे विचारले की प्रत्येक बाई सांगे, "नाही गं बाई, आपल्याला कसला त्रास?" परंतु तीच बाई पाच मिनिटांनी शेजारणीला सांगत असे, की अनोळखी नंबरवरून रोज रात्री 'हाय' येतो, परवा मध्यरात्री कोणाचा तरी व्हिडिओ कॉल आला, भाचीचा फोटो उचलून कोणीतरी दुसऱ्याच नावाने खाते उघडले. यातला एकही प्रकार तिच्या लेखी त्रास नव्हता. गर्दीत धक्का बसावा तसे ते चालायचेच, असे तिने धरले होते.

तेव्हा पुतणीने प्रश्नावली बाजूला ठेवली आणि जाड कागदाचे फोन कापले. प्रत्येक बाईच्या हाती तो कागदी फोन द्यायचा आणि म्हणायचे, "हा तुमचा फोन. यात काय काय आहे ते काढा. त्यातले कोणी पाहू नये असे तुम्हांला वाटते, त्यावर खूण करा. आणि कोणी पाहू नये, तेही सांगा." मंडळी, आमची अपेक्षा अशी होती की बायका चोर, भामटे, टवाळ पोरे यांची नावे घेतील. त्यांचीही नावे निघाली, पण नंतर. आधी निघाले ते नवरा, सासू, दीर, भाऊ. कोणी माहेरी पाठवलेले दोनशे रुपये लपवत होती, कोणी मैत्रिणीशी झालेले बोलणे, तर कोणी शिवणकामाचे पाहून ठेवलेले व्हिडिओ. यात पाप काय आहे? काहीही नाही. पण फोन घरातला, तो सर्वांनी हाताळायचा, आणि त्याला कुलूप घातले की "असे काय आहे त्यात?" हा प्रश्न आलाच. बी.डी.डी. चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आपल्यापैकी अनेकजण वाढले आहेत. तेथे माणसाला कोपरा मिळत नाही, मग फोनला कोठून मिळणार?

हे आमच्या पुतणीचे एकटीचे निरीक्षण आहे असे नव्हे. नित्या संबासिवन या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह भारत, पाकिस्तान व बांगलादेश येथील १९९ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास २०१८ आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले. फोन वैयक्तिक वस्तू आहे असे तो बनवणारे धरून चालतात. आपल्याकडच्या बाईचा फोन मात्र घरादाराचा असतो. म्हणून ती आपल्यापुरते उपाय शोधते. एखादाच मेसेज पुसते, एखाद्याच ॲपला कुलूप लावते, फोन मुलाच्या हाती देण्याआधी आवराआवर करते. त्याच अभ्यासात बाहेरून होणाऱ्या त्रासाचे तीन मोठे प्रकार सांगितले आहेत : पाठलाग करणे, खोटे रूप घेणे आणि खाजगी फोटो-मजकूर पसरवणे. मसाला गल्लीत आम्ही ऐकलेले सारे या तीन कप्प्यांत बसत होते.

आणखी एक गोष्ट. बायकांच्या व्हॉट्सॲपवर चेहरा क्वचितच दिसतो. गुलाबाचे फूल, लहान मूल, एखादा सुविचार, असेच काहीतरी असते. आम्ही समजत होतो, हौस असेल. ती हौस नव्हे, भीती आहे. याच कारणाने २०१७ साली फेसबुकने भारतात प्रोफाइल फोटोला संरक्षण देण्याची सोय प्रथम आणली. फोटोभोवती निळी चौकट आणि ढालीचे चिन्ह. फोटोवर असा एखादा नक्षीचा थर असला तर तो चोरण्याचे प्रमाण निदान ७५ टक्क्यांनी घटते, असे प्राथमिक चाचण्यांत आढळल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. एका चौकटीने एवढे होत असेल, तर डिझाइन म्हणजे केवळ साडीचे काठ नव्हेत, हे आपण मान्य केले पाहिजे.

आता आमच्या काऊंटरकडे येतो. २०२४ च्या जुलैपासून 'माझी लाडकी बहीण' योजनेसाठी बँकांत भगिनींची रीघ लागली होती. खात्याला आधार जोडा, मोबाईल नंबर जोडा. आम्ही विचारायचो, "नंबर कोणाचा?" उत्तर येई, "मुलाचा", "मालकांचा", "शेजारच्या भाऊंचा". म्हणजे खाते बाईचे, पैसे बाईचे, परंतु पैसे आल्याचा मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या खिशात. आणि जिचा स्वतःचा नंबर होता तिला आम्हीच मोठ्याने सांगत होतो, "ताई, नंबर बोला!" ती रांगेत पंचवीस माणसांसमोर दहा आकडे खणखणीत बोलून दाखवी. पुतणी एक दिवस रांगेत उभी राहून हे पाहत होती. संध्याकाळी म्हणाली, "काका, उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर पैसे घेऊन विकले जात होते, हे २०१७ साली वर्तमानपत्रांत आले होते. तुमच्या बँकेत तर फुकट वाटतात!" त्यानंतर २०१८ साली व्होडाफोनने 'सखी' नावाची सोय काढली होती. तिच्यात दुकानदाराला खरा नंबर न सांगता रिचार्ज करता येई. मोठ्या कंपनीला जे सुचले ते आम्हांला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काऊंटरवर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. नंबर बोलायचा नाही, लिहून द्यायचा, आणि काम झाले की चिठ्ठी फाडून टाकायची. खर्च शून्य.

इथपर्यंत सांगताना आम्हांला आनंद वाटला. यापुढचे सांगताना संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण त्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

अभ्यासाच्या शेवटी पुतणी आपल्याच वस्तीतल्या मुलींशी बोलली. तिने विचारले, "तुमच्या नावाने कोणी खोटे खाते काढले, फोटो बिघडवून टाकला, तर घरी सांगाल का?" त्या म्हणाल्या, "नाही. सांगितले की फोन जाईल, आणि फोन गेला की कॉलेज जाईल." पुतणीने विचारले, "असे का वाटते?" त्यावर एकजण म्हणाली, "त्या ताईचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे ना!"

ती ताई कोण, हे येथे सांगणार नाही. टाळेबंदीनंतरच्या काळातली गोष्ट. तिच्या नावाने कोणीतरी खाते उघडून तिचा फोटो नको त्या रूपात टाकला. वडील घाबरून ज्येष्ठांकडे सल्ला मागायला आले. त्या ज्येष्ठांत आम्ही होतो. आम्ही काय सांगितले? "पोलिसांत जाऊ नका, बदनामी होईल. आधी पोरीचा फोन काढून घ्या." वडिलांनी तसेच केले. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, वर्गाची सूचना व्हॉट्सॲपवर. महिनाभरात तिचा अर्ज राहिला, मग वर्ष गेले, मग शिक्षणच सुटले. ते खोटे खाते मात्र त्यानंतरही कित्येक दिवस चालूच होते.

पुतणी आम्हांला एवढेच म्हणाली, "काका, तेव्हा फोन काढून घ्या असे सांगायला कोण गेले होते?" आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी त्या मुलीच्या घरी गेलो, माफी मागितली. ती रागावली नाही. म्हणाली, "ज्याने केले त्याला कुणी काही विचारले नाही, काका. मला मात्र सगळ्यांनी विचारले." यापुढे आम्ही कितीही भाषणे केली तरी हे वाक्य आमच्या कानांतून जाणार नाही.

मंडळी, आमची ही चूक नवी नव्हती. आमच्या लहानपणी चाळीत फोन नसे. वाण्याच्या दुकानाचा नंबर 'पी.पी.' म्हणून द्यायचा. पुढे घरोघरी फोन आले तेव्हा ब्लँक कॉल सुरू झाले. उपाय काय निघाला? मुलींनी फोन उचलायचा नाही. त्याआधी नाक्यावर टवाळ पोरे उभी राहत, तेव्हा मुलींनी नाक्यावरून जायचे नाही. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील स्त्रियांचा अभ्यास करून २०११ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सुरक्षिततेच्या नावाखाली आपण बाईची शहरातली जागाच कमी करत जातो. रस्त्याचे जे केले तेच आपण फोनचे करत आहोत.

याच मुंबईने वेगळेही करून दाखवले आहे. लोकलच्या गर्दीत बायकांना त्रास होतो, म्हणून नोकरी सोडा असे रेल्वेने सांगितले नाही. वेगळा डबा दिला. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांची लोकल सुरू केली. रात्रीच्या डब्यात पोलीस बसवला. म्हणजे प्रवास चालू ठेवून व्यवस्था बदलली. पुतणीच्या भाषेत हेच डिझाइन. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आतच समाजकार्यकर्ती बसवली, म्हणजे घाबरलेल्या बाईला आधी बोलता येईल असे माणूस भेटेल. पुढे असे कक्ष राज्यभर झाले. बाईला घरी बसवण्याऐवजी तिच्यासाठी दार उघडण्याचा हा मार्ग होता.

कायद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण येथे विद्यार्थी बसले आहेत. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्यात ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणेही आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो गुन्हा आहे. इलेक्ट्रॉनिक साधनाने खोटे रूप घेऊन फसवणे, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे, संमतीशिवाय खाजगी अवयवांचे चित्र घेणे किंवा पसरवणे, अश्लील मजकूर टाकणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलमे आहेत. अशा प्रकारचे फोटो, मग ते खरे असोत वा बनावट, तक्रार आल्यापासून २४ तासांत काढून टाकण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले होते.

परंतु संरक्षणासाठी म्हणून केलेला कायदा कोणाच्या हाती कसा फिरतो, हेही ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीला, आणि त्या आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला, पालघर येथे अटक झाली. त्या प्रकरणात वापरलेले ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. मुलींना गप्प बसवणे म्हणजे त्यांना सुरक्षित करणे नव्हे, हा त्या निकालातून आम्ही घेतलेला अर्थ.

आणि हा त्रास सर्व स्त्रियांना सारखा होत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून झालेल्या ट्विटांचा अभ्यास ॲम्नेस्टी इंडियाने २०२० साली प्रसिद्ध केला. जवळजवळ दर सात ट्विटांपैकी एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे होते, आणि वंचित जातींतील महिलांना जातीवरून होणारी शिवीगाळ इतर जातींतील महिलांपेक्षा ५९ टक्क्यांनी अधिक होती. २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावासाठी मांडणारे एक ॲप उघडकीस आले, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी दुसऱ्या राज्यांत जाऊन आरोपींना पकडले. पकडले गेलेले बहुतेक आरोपी विशी-पंचविशीच्या आतले, शिकलेले तरुण होते. म्हणून आमचे म्हणणे आहे की मुलींना सावधगिरी शिकवताना मुलांनाही समोर बसवा. आपल्या वस्तीतल्या त्या मुलीचा फोटो बिघडवणारा कोणाचा तरी भाऊच असणार, आणि तो ग्रुपवर पुढे पाठवणारे तर नक्कीच आपल्यातले होते.

मुलींनो, आता थोडे कामाचे. असा प्रसंग आला तर घाबरून काही पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि त्या खात्याचा दुवा लिहून ठेवा. धमकी देऊन कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, एकदा दिले की मागणी थांबत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, कारण तासाभरात कळवले तर रक्कम अडवण्याची शक्यता अधिक असते. महिलांविषयीची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. खाजगी फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सोय आहे. तिच्यात फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याची सांकेतिक ओळख सहभागी कंपन्यांकडे जाते आणि तो फोटो तेथे अडवला जातो. ही सोय अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्याहून लहान असाल तर 'टेक इट डाऊन' नावाची तशीच दुसरी सोय आहे. आणि सर्वांत आधी, एका माणसाला सांगा.

ते माणूस मिळणे हीच खरी अडचण आहे. पुतणीने सुट्टीच्या शेवटी जे डिझाइन मांडले ते पाहून तिच्या शिक्षकांनाही नवल वाटले असावे, कारण ते ॲप नव्हते. ते होते एक कार्ड. एका बाजूला वर सांगितलेल्या चार गोष्टी, आणि दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या तीन बायकांची नावे लिहायला जागा. त्या बायकांनी आधी कबूल करायचे, की आमच्याकडे कोणतीही मुलगी आली तर आम्ही पहिला प्रश्न "तू काय केलेस?" असा विचारणार नाही, आणि तिचा फोन कोणाला काढून घेऊ देणार नाही. आम्हांला यावरून प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाची आठवण झाली. १९७५ साली याच गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकत्र आल्या, एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचे कर्ज मिळवले. त्यांच्याकडे तारण नव्हते, एकमेकींचा शब्द होता. बँकेने तो शब्द मानला. आपणही तसा शब्द उभा करू शकतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची नम्र सूचना आहे. ही कार्डे संस्थेने छापावीत, छपाईचा खर्च आम्ही देऊ. प्रत्येक इमारतीतून तीन भगिनींनी पुढे यावे. संस्थेच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलींसाठी राखून ठेवावी, म्हणजे ज्यांचा फोन घरात सर्वांचा आहे त्यांना अर्ज भरायला जागा मिळेल. आणि आमच्यासारख्या ज्येष्ठांनी, कोणी सल्ला विचारायला आले तर, आधी त्या मुलीला विचारावे.

ज्या मुलीचे शिक्षण आमच्या सल्ल्यामुळे सुटले, तिने मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. तो तिने स्वतःच्या फोनवरून भरला. आम्ही शेजारी बसून फक्त कागदपत्रे हातात देत होतो. तिचे नाव पुढील एखाद्या वर्षीच्या गुणवंतांच्या यादीत वाचायला मिळावे, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम.